मार्लाच्या गाडीतलं जुनं इंजिन

६ मार्च २०१६, रविवार

बियाणांच्या दुकानाने नाताळात फुकट दिलेली ही डायरी फ्रिजवर पडून होती. आज खाली काढली. अडतीस वर्षं गावच्या को-ऑपच्या, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या, गॅरेजात रोज संध्याकाळी मी कामाची वही भरत आलो. कुठल्या ट्रॅक्टरचं काय मोडलं, काय बसवलं, सगळं त्यात. जानेवारीत त्यांनी केक कापला, माझ्या हातात भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि वही ठेवून घेतली. माझ्या जागी आलेला माणूस इंजिनाला हात लावण्याआधी लॅपटॉप लावतो. असो. आता घरी काम आलंय, तर घरची वही हवी.

काम असं आहे. मार्लाच्या पिकअपचं इंजिन आज चर्चहून येताना गेलं. आतला दांडा तुटला आणि इंजिनाच्या अंगाला भोक पाडून बाहेर आला. मुठीएवढं भोक. मार्ला माझी मुलगी, एकुलती एक, एकतीस वर्षांची. पिकअप २००४ ची, तिच्या स्वतःच्या कमाईची. घेताना मला विचारलं नव्हतं. ऑइल किती आहे ते बघायची कांडी त्या गाडीला आहे हे तिला आज मी दाखवलं तेव्हा कळलं. काही बिघडलं तर दिवा लागेल म्हणे. दिवा लागला. इंजिन फुटल्यावर लागला.

जेवताना अर्डिस म्हणाली, "एक जूनला तिला डेन्व्हरला रुजू व्हायचंय. लक्षात आहे ना?"

लक्षात आहे. चाळीस वर्षं संसार केल्यावर बायको नवऱ्याला जे लक्षात आहे तेच विचारते. मार्लाने दोन वर्षं एक्स-रे काढायचं शिक्षण घेतलं. आता तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळाली आहे. आमच्या गावात म्हाताऱ्यांचं शुश्रूषागृह आहे, त्यात ती नऊ वर्षं आहे, म्हातारे तिच्यावर जीव टाकतात. पण ते पुरत नाही.

"बर्टच्या भंगार-यार्डात याच मॉडेलची ठोकलेली गाडी आलीय," मार्ला म्हणाली. "इंजिन शाबूत आहे. बर्टकाका म्हणाले, चार दिवसांचं काम."

"चार दिवसांत बसवलेलं इंजिन चार दिवसच चालतं," मी म्हणालो.

तेव्हाच ठरलं. माझ्या ७३ च्या जुन्या पिकअपचं चारशेचोपन्न घन इंचांचं इंजिन हिच्या गाडीत घालायचं. त्या जुन्या गाडीचा पत्रा गंजून खाली पडतोय, पण इंजिन मी ८८ साली माझ्या हातांनी उघडून पुन्हा बांधलंय. असं लोखंड आता कुणी ओतत नाही.

मार्ला हसली. "डॅड, मला हॉस्पिटलात जायचंय, नांगरायचं नाहीये."

ईस्टरपर्यंत देतो म्हणून सांगितलं.

१२ मार्च

कोठारात साखळी-कप्पी लावून चारशेचोपन्न बाहेर काढलं. तीन बोल्ट तुटले, एका बोटाची साल गेली. मार्लाच्या गाडीतलं फुटकं इंजिनही काढलं. त्याला जोडलेल्या वायरी मोजायला लागलो आणि साठच्या पुढे सोडून दिल्या. माणसाच्या मेंदूला एवढ्या नसतात. ते सगळं धूड भंगारात धाडलं, वायरींसकट.

अर्डिस दारात उभी होती. म्हणाली, "वायरी ठेवायच्या होत्या. पुढे लागल्या तर?"

"कशाला लागतील?"

तिने खांदे उडवले आणि आत गेली.

२६ मार्च

उद्या ईस्टर. गाडी झालेली नाही. कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळे तेच बोलत आहेत.

मोठं इंजिन नव्या गाडीत बसवणं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच कळतं. आधी ते बसतच नाही. इंजिन टेकवायची माउंटिंग कापून नवीन वेल्ड केली. इंजिनाचा मागचा भाग केबिनच्या पत्र्याला टेकत होता, तिथे घन मारून खोलगट केलं. मार्ला तेव्हा शेजारीच उभी होती. प्रत्येक घावाला तिच्या पापण्या लवत होत्या. मग इंजिन सोडलं तर गाडीचं नाक तीन इंच खाली बसलं. आता पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या. रेडिएटर लहान पडतोय, तोही बदलायचा. एक्झॉस्टचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला घासतोय.

बर्टच्या यार्डातलं ते इंजिन यातलं काहीच मागणार नव्हतं हे मला कळतं. मी मूर्ख नाही. पण सोपं आहे म्हणून करायचं असतं तर अडतीस वर्षं मी काय केलं?

११ एप्रिल

सकाळी को-ऑपमध्ये कॉफीला गेलो. निवृत्त झालो तरी खुर्ची माझी आहे. फाशांचा पेला फिरत होता, ज्याचं दान सगळ्यांत कमी पडेल त्याने सगळ्यांसाठी कॉफी ओतून आणायची. हॉलिस, जो जन्मात स्वतःचं ऑइल बदलू शकला नाही, तो म्हणाला, "काय डेल्मर, पोरीची गाडी कुठवर आली? की तिला पेन्शनीतच चावी देणार?"

सगळे खिदळले. सगळ्यांत कमी दान माझंच पडलं. कॉफी ओतून दिली आणि न पिता घरी आलो.

नव्या गाडीचा पंप टाकीतच बसवलेला असतो आणि पेट्रोल असं जोरात फेकतो की कार्ब्युरेटर वाहायला लागतो. जुन्या इंजिनाला थेंब थेंब हवा. पंप बदलला, परतीची नळी टाकली. स्पीडोमीटर चालणार नाही. किती वेगात चाललोय ते कॉम्प्युटर सांगायचा आणि कॉम्प्युटर आता नाही. मार्लाला सांगितलं.

"मग मला वेग कसा कळणार?"

"मागून पोलीस आला की कळेल."

पूर्वी अशा बोलण्यावर ती हसायची. अर्डिस तिला रोज शुश्रूषागृहात सोडते आणि आणते. दोघींचं गाडीत काय बोलणं होतं कोण जाणे, घरात येईतो संपलेलं असतं.

१४ मे

बर्ट आला होता. शाळेपासूनचा मित्र. भंगार विकून त्याने माझ्यापेक्षा मोठं घर बांधलं, पण माणूस वाईट नाही. बॉनेट उघडून बराच वेळ बघत राहिला. वेल्डिंगवरून बोट फिरवलं. "काम तुझंच," म्हणाला. मला बरं वाटलं. लपवून काय करू.

मग म्हणाला, "पण डेल्मर, पोरगी ही गाडी डेन्व्हरला नेणार ना? तिकडे धुराची तपासणी असते. २००४ च्या गाडीत ७३ चं इंजिन बघितलं की ते नळीसुद्धा लावणार नाहीत, बॉनेट बंद करून परत पाठवतील."

आमच्या काउंटीत असलं काही नाही. इथे गाडीच्या मागे नाक लावून कुणी हुंगत नाही. माझ्या जन्मात मी धुराचा कागद पाहिलेला नाही.

"तिकडे हजार गाड्या धूर सोडत फिरतात," मी म्हणालो. "कोण बघतंय?"

"कॉम्प्युटर बघतो."

"झालं! तू पण?"

"अरे लेका, माझ्यावर का भडकतोस? माझं ते इंजिन अजून पडलंय. हे काढ, ते घाल, चार दिवसांत पोरगी मोकळी."

मी त्याला लिंबूपाणी दिलं आणि वाटेला लावलं. याचा धंदाच इंजिनं विकायचा, तो दुसरं काय सांगणार? मार्लाला उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. वेळ आली की बघू.

२१ मे

सकाळी मार्लाला डेन्व्हरहून पत्र आलं. खोली मिळाली. तिसरा मजला, खिडकीतून डोंगर दिसतो म्हणे. तिने अर्डिसला मिठी मारली, मग मलाही मारली. माझे हात काळे होते म्हणून मी ते वर धरले.

दुपारी इंजिन सुरू केलं. पहिल्याच फटक्यात! असा आवाज, की अर्डिसच्या ओट्यावरच्या बशा थरथरल्या. शेजारच्या शेतातली गुरं वर बघायला लागली. मार्ला पळत बाहेर आली आणि दोन्ही कानांवर हात ठेवून हसत होती. "डॅड! झालं?"

झालंच होतं. पण मग मला एक थरथर जाणवली. हलकी. स्टिअरिंगवर हात ठेवला की तळव्याला कळेल एवढी. मार्लाला जाणवली नाही, अर्डिसला नाही. मला जाणवली. अशी गाडी पोरीच्या हातात देऊन दीडशे मैल कशी पाठवू?

उद्या पुन्हा उतरवतो.

२ जून

एक तारीख काल गेली.

मार्ला सकाळी स्वयंपाकघरात हॉस्पिटलला फोन करत होती. दार लोटलेलं होतं. "हो मॅडम, माझी चूक आहे, गाडीची सोय झाली नाही. नाही मॅडम, असं पुन्हा होणार नाही." एकतीस वर्षांची बाई पाचवीतल्या पोरीसारखी बोलत होती. त्यांनी अकरा जुलै दिली. त्यानंतर जागा दुसऱ्याला.

आणि थरथरीचं कारण सापडलं. इंजिनाच्या पुढच्या टोकाला तोल सांभाळणारं चाक असतं. चारशेचोपन्नचं चाक एका बाजूला जड असतं, ते त्याचंच लागतं. मी दुसऱ्या इंजिनाचं बसवलं होतं. बरोबर चाक माझ्या डोळ्यांसमोर खिळ्यावर लटकत होतं, मार्चपासून. अडतीस वर्षांत ही चूक माझ्या हातून कधी झाली नव्हती. शिकाऊ माणूससुद्धा करणार नाही. वय झालं, दुसरं काय.

अर्डिसला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी न मोडता म्हणाली, "डेल्मर, तिने जाऊ नये असं तुला वाटतंय का?"

"मी रात्रंदिवस तिची गाडी बनवतोय, आणि तू हे विचारतेस?"

"म्हणूनच विचारतेय."

ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं. मी उठून कोठारात गेलो.

४ जुलै

स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत गाडी काढली. दरवर्षी अग्निशामक बंब, मग शाळेचा बँड, मग जुने ट्रॅक्टर, आणि यंदा त्यांच्यामागे मी. मुख्य रस्त्यावर ॲक्सिलरेटर जरा दाबला आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवरचे लोक उभे राहिले. हॉलिसने टोपी काढली. हॉलिसने! को-ऑपच्या मॅनेजरने गाडी थांबवून हात मिळवला आणि म्हणाला, "डेल्मर, आम्ही तुला घालवून गाढवपणा केला." गमतीत म्हणाला असेल. मी गमतीत घेतलं नाही.

जानेवारीपासून मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. हे लिहायला लाज वाटत नाही.

मार्ला नव्हती. शुश्रूषागृहात सुटीची पाळी होती तिची. गाडी तिची आहे याची आठवण अर्डिसने घरी आल्यावर करून दिली.

९ जुलै

गेली.

खोकी मागे बांधली, वर ताडपत्री टाकली. मी म्हणालो, ऑइल दर शनिवारी बघ. पेट्रोल दर शंभर मैलांवर भर, ही पिते. थंडीत चोक दे. उतारावर गरम झाली तर थांब. ती सगळ्याला हो हो करत होती. बर्ट जे म्हणाला होता ते सांगावं असं एकदा मनात आलं. पण ती इतकी खुश होती. आणि अर्डिस शेजारी उभी होती.

"डॅड, थँक यू," ती म्हणाली. "खरंच. उशीर झाला म्हणून मी चिडले होते, पण तुम्ही केलंत."

मैलभर लांब गेली तरी इंजिन ऐकू येत होतं. हमरस्त्याला लागली तोवर ऐकलं.

१७ जुलै

घर शांत आहे. अर्डिस आणि मी जेवतो, टीव्ही बघतो. मार्लाच्या खोलीची खिडकी नीट लागत नव्हती, ती दुरुस्त केली. हात लागलाच आहे तर भिंतीही रंगवल्या. पिवळा, तिला आवडतो तो. गादी उन्हात टाकली.

"कुणासाठी?" अर्डिसने विचारलं.

"आली कधी तर?"

३ ऑगस्ट

मार्लाचा फोन आला. काम आवडतंय. आवाजामुळे इमारतीतल्या लोकांनी तक्रार केली, पहाटे पाचला ती निघते म्हणून. शहरातले लोक! मी म्हणालो, त्यांना सांग, इंजिन असं असतं. ती म्हणाली, डॅड, मी आता एक मैल लांब लावते आणि चालत जाते.

२९ ऑगस्ट

मार्लाच्या नंबरपट्टीवरचं वर्षाचं स्टिकर या महिन्यात संपतं. नवीन घ्यायला गेली तर धुराचा कागद मागितला. तपासणी केंद्रात गेली तर माणसाने बॉनेट उघडलं, दुसऱ्या माणसाला हाक मारली, तिसरा आला. तिघे हसले. मग म्हणाले, ताई, ही गाडी या काउंटीत कधीच पास होणार नाही. आज नाही, उद्या नाही, काही केलं तरी नाही. गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं इंजिन हवं.

हे सगळं ती फोनवर शांतपणे सांगत होती. मला ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "पत्ता इथलाच ठेव. गाडी आपल्या काउंटीत नोंदव. शनिवार-रविवार येत जा."

"मी तिथे राहते, डॅड. खोटा पत्ता देऊ?"

"मग सोड ते. शुश्रूषागृहात तुझी जागा अजून भरलेली नाही. मी चौकशी केलीय."

 

"कधी केलीत चौकशी?" ती म्हणाली.

"असंच. मागच्या महिन्यात."

"मागच्या महिन्यात गाडी चालत होती, डॅड."

मग तिने फोन ठेवला.

१२ सप्टेंबर

कॉफीला गेलो तर हॉलिस म्हणाला, "मार्लाची गाडी बर्टच्या यार्डात बघितली. रुसली का रे पोरगी?"

मला ठाऊक नव्हतं. माझी मुलगी गावात आली, माझ्या घरापासून चार मैलांवर, आणि मला हॉलिसकडून कळतंय! फासे तसेच टाकून उठलो.

बर्टच्या शेडमध्ये तिची गाडी उभी होती, बॉनेट काढलेलं. मार्ला खाली आडवी होती, फक्त बूट दिसत होते. तिला पाना धरता येतो हे मला माहीत नव्हतं. मी कधी दिला नव्हता. बर्ट मला बघून हात पुसत बाहेर गेला.

"घरी का नाही आलीस? खोली रंगवलीय."

ती सरपटत बाहेर आली. गालाला ग्रीस. "हॉस्पिटलने चार दिवस दिलेत. बर्टकाका वायरींसकट सगळं त्या ठोकलेल्या गाडीतून काढून देताहेत. त्यांच्याच घरी, लोर्नाकाकूंकडे झोपतेय मी."

"मी केलं असतं."

"हो. ख्रिसमसपर्यंत."

मी उत्तर देणार होतो, पण तिने हात वर केला. "डॅड, एक विचारते. बर्टकाका म्हणतात, त्यांनी तुम्हाला मे महिन्यातच सांगितलं होतं. तिकडे ही गाडी पास होणार नाही म्हणून. खरं आहे?"

शेडच्या बाहेर बर्ट उगाचच एक टायर इकडून तिकडे करत होता.

"तो काहीतरी बडबडला असेल," मी म्हणालो. "मला आठवत नाही."

तिने मान हलवली. जणू बोल्ट किती घट्ट आहे ते बघून झालं. मग परत गाडीखाली गेली.

१६ सप्टेंबर

चार दिवस लागले. साडेतीन, बर्ट म्हणतो. माझ्या वेल्डिंगची माउंटिंग कापायलाच अर्धा दिवस गेला, इतकी पक्की होती. घनाने ठोकलेला पत्रा तसाच राहिला.

जाताना घरावरून जाईल असं अर्डिस म्हणाली होती. मी दुपारपासून व्हरांड्यात बसलो. दाढी केली होती. अमुक बोलायचं, तमुक नाही, असं मनात लावून ठेवलं होतं. चार वाजता अर्डिस बाहेर आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आत चल. ती तासाभरापूर्वीच गेली. मी खिडकीतून बघितली, मला हात केला तिने."

मला काही ऐकू आलं नाही. त्या नव्या इंजिनांना आवाजच नसतो. मी रस्त्याकडे तोंड करून बसलो होतो तरी डोळा लागला असेल.

चारशेचोपन्न बर्टने संध्याकाळी आणून कोठारात ठेवलं. पैसे घे म्हणालो, तर नको म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "डेल्मर, मला वाटलं तू तिला सांगितलं असशील. नाहीतर मीच सांगितलं असतं."

"तुझा धंदा झाला ना? मग झालं."

"इंजिन मी तिला फुकट दिलं, गाढवा."

८ ऑक्टोबर

चारशेचोपन्न लाकडी ठोकळ्यांवर आहे. रोज एकदा हाताने फिरवतो, आत गंज धरू नये म्हणून. घालायला गाडी नाही.

अर्डिस रविवारी मार्लाशी बोलते. मी त्या वेळी कोंबड्यांना दाणे घालतो. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही," ती मला ऐकू येईल असं म्हणाली. कुणाबद्दल ते विचारलं नाही.

२० नोव्हेंबर

गुरुवारी थँक्सगिव्हिंगचं जेवण. मार्लाने अर्डिसला डेन्व्हरला बोलावलंय. तिच्या खोलीत, तिच्या ओव्हनमधली टर्की. तीन मैत्रिणी आहेत म्हणे हॉस्पिटलातल्या.

"तुलाही बोलावलंय," अर्डिस म्हणाली. फोन अजून तिच्या हातात होता. "ती म्हणते, डॅडना घेऊन ये. पहिला तुकडा त्यांचाच. फक्त आल्यावर एकदा माझ्याकडे बघून म्हणावं, की ठाऊक होतं. भांडणार नाही म्हणते. पुन्हा विषयही काढणार नाही."

"अट घालून कुणी बापाला जेवायला बोलावतं?"

"दोन शब्द आहेत, डेल्मर."

"आठवत नाही ते कसं म्हणू?"

तिने फोन कानाला लावला आणि म्हणाली, "ऐकलंस ना?" म्हणजे तो चालूच होता.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळचे आठ. अर्डिस बाहेर गाडीत बसली आहे. काचेवरचं बर्फ मी खरवडून दिलं. माझा चांगला शर्ट तिने इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलाय. मी तिला म्हणालो, दोन मिनिटं थांब, कोठाराला कुलूप लावायचं राहिलं. कोठाराला कुलूप नाही. चाळीस वर्षांत कधी नव्हतं. तिने काच वर केली.

ही डायरी कुणी वाचत नाही, तेव्हा इथे लिहितो. ठाऊक होतं. बर्टने सांगितलं तेव्हा ठाऊक झालं, आणि मी काय केलं, तर गाडी लवकर संपवायला लागलो. तेवढ्यापुरती मला घाई झाली. परत येईल, असं वाटलं. गाडीच तिला परत आणेल आणि मला काही बोलावं लागणार नाही. तिने जाऊ नये असं मला वाटत होतं. हे मी तिला मार्चमध्ये जेवताना सांगू शकलो असतो. ती थांबली नसती, पण तिला कळलं असतं. तिच्यावाचून मला या घरात करमत नाही.

लिहायला काही लागलं नाही. एवढंच तर तिकडे जाऊन म्हणायचंय.

हॉर्न वाजला. एकदा.

शर्ट घालायला किती वेळ लागतो? बटणं सहा आहेत. तिथे तीन परक्या पोरी असतील, त्यांच्यासमोर मी काय सांगू? कुठे बघू? मार्ला दार उघडेल तेव्हा आधी कोट काढायचा की आधी बोलायचं?

पुन्हा हॉर्न. दोनदा.

इंजिन गरम झालं असेल आता. बाहेर थंडी आहे, तिला ताटकळत ठेवणं बरं नाही.

गाडी मागे घेतल्याचा आवाज आला. वळली. रस्त्याला लागली.

पाणी प्यायला उठलो. ओट्यावर ताट झाकून ठेवलेलं आहे. हॅम, उकडलेले बटाटे, बीन्स, भोपळ्याच्या पायचा एक तुकडा. वर कागद घट्ट बसवलाय, आणि चिठ्ठीत कशाला किती मिनिटं गरम करायचं ते लिहिलंय. हे सगळं आज सकाळी होण्यासारखं नाही. तिने काल रात्रीच माझं ताट वाढून ठेवलं होतं.